विहिरीवरील तंटा

उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायाचा आरंभ दुष्काळाने होतो, हे वाचताना आपण पुष्कळदा विसरतो. दुष्काळामुळेच इसहाक गरारास गेला. त्याच्या बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. आणि त्याच्या चाकरांनी खोऱ्यात जिवंत झरा शोधून काढताच तेथील गुराखी त्यावर हक्क सांगू लागले. विहिरींस नावेही भांडणाची व वैराची पडली.

प्रिय बंधुभगिनींनो, बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्यांस ही कथा परकी वाटू नये. पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या बाजूस खारपाणपट्टा आहे. तेथे भूमीच्या पोटातले पाणीच खारट, म्हणून कितीही खोल खणले तरी तहान भागत नाही. सारी भिस्त पावसावर. आणि पाऊस तर पालटला आहे. हवा एका अंशाने तापली की तीत सुमारे 7 टक्के अधिक बाष्प मावते, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून पाऊस येतो तो कोसळतो, मध्यंतरी दीर्घ उघडीप पडते. 2023 च्या जुलैत संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत असाच पाऊस कोसळून शेते खरडून गेली. असे पाणी मुरत नाही. माती घेऊन नदीस जाते. 2025 साली देऊळगाव राजा तालुक्यात एका शेतकऱ्याने शेतीच्या पाण्यासाठी झगडता झगडता निराश होऊन आत्मघात केला.

पाणी घटले की शेवटी उभा असलेल्यास प्रथम हाकलतात. चवदार तळ्याचे पाणी सर्वांस मिळावे म्हणून 1927 साली महाडास सत्याग्रह करावा लागला. टंचाईत तो जुना मज्जाव निराळ्या वेषाने डोकावतो: टँकर आधी कोणत्या वस्तीत?

कोणी म्हणतात, इसहाकाप्रमाणे आपण विहीर सोडून द्यावी. आम्हांस हे पुरते पटत नाही. इसहाकास सरकावयास रिकामे खोरे होते. आपणांस ते कोठे आहे? शिवाय ज्याची लेकरे तहानलेली, त्यास त्यागाचा उपदेश करणे फार सोपे. पुढे अबीमलेख आला, दोघे एका पंक्तीस जेवले, शपथ झाली, हा भाग आपल्या अधिक कामाचा.

तेव्हा उपदेशक बंधूंनी माघ महिन्यातच, विहिरी खोल जाण्यापूर्वी, सर्व वस्त्यांस एकत्र बसवावे. आधी पिण्याचे, मग गुरांचे, उरल्यास बागायतीचे, अशी पाळी ठरवावी, आणि दर आठवड्यास दोर सोडून सर्वांदेखत पाणी मोजावे. बैठकीस बायकांस अवश्य बोलवावे. हंडा त्यांच्याच डोईवर असतो.