निर्जनतेचें ऋण

आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशीं पाठीवर पिशवी टाकून डोंगरदऱ्यांची वाट धरूं लागली आहे, हें सुचिन्ह होय. ज्या पिढीचा सारा दिवस बंद खोलींत आणि पडद्यासमोर जातो, तिला पायांखालच्या धोंड्याचा व डोक्यावरच्या कड्याचा परिचय घडणें हा शिक्षणाचाच एक भाग आहे. परंतु हीं मुलें परत आलीं म्हणजे पाहिलेल्या स्थळाची स्तुति करतांना एक वाक्य हटकून उच्चारतात : 'तेथें कोणी म्हणजे कोणीही नव्हतें!' सौंदर्याचें याहून मोठें प्रमाणपत्र त्यांच्यापाशीं नसतें, आणि आम्ही वडीलधारीं माणसेंही तें ऐकून मान डोलावतों. या साध्या वाक्यांत दोन प्रश्न दडलेले आहेत. तेथें खरोखरच कोणी नव्हतें काय? आणि नसल्यास, तें कां नव्हतें?

प्रथम आपल्या सह्याद्रीकडेच पाहूं. अकोले तालुक्यांत, रतनगडाच्या शेजारीं, साम्रद गांवाजवळ सांदण नांवाची दरी आहे. काळ्या अग्निजन्य पाषाणाचे दोन उभे कडे कांहीं ठिकाणीं इतके जवळ आले आहेत कीं, मध्यें अवघें कांहीं हातांचें अंतर उरतें. तळाशीं ऊन फार थोडा वेळ पोंचतें. वाटेंत थंड पाण्याचे डोह लागतात, घरंगळून आलेल्या प्रचंड धोंड्यांवरून चढावें-उतरावें लागतें, आणि पुढें सारी दरीच कोंकणाच्या अंगाला तुटत जाते. पावसाळ्यांत याच फटींतून लोंढा वाहतो. त्या दिवसांत आंत शिरणें म्हणजे मृत्यूला बोलावणें होय. पाहणाऱ्यास वाटतें, येथें मनुष्याचा संबंध तो काय?

पण आपली भाषाच या प्रश्नाचें उत्तर देते. घळ, नाळ, खिंड, कपार, सांद, सोंड हे शब्द कोशकारांनीं खोलींत बसून घडविलेले नाहींत. दगडाच्या प्रत्येक वळणाला ज्या भाषेनें निराळें नांव दिलें, ती बोलणाऱ्यांचे पाय त्या वळणावरून शतकानुशतकें गेलेले असतात. नाणेघाटांत सातवाहनांच्या काळचे शिलालेख आहेत; म्हणजे ज्या वाटेनें आम्ही आज हौसेखातर चढतों, त्या वाटेनें दोन हजार वर्षांपूर्वीं मालाचीं ओझीं चढत होतीं. आजही साम्रदचीं माणसें वाटाडे होऊन दोर घेऊन पुढें चालतात, आणि त्यांच्या चुलीवर पाहुण्यांची भाकरी भाजली जाते.

एडमंड बर्क यानें १७५७ सालीं उदात्त आणि सुंदर यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, भय व संकट अगदीं अंगाशीं येऊन भिडलीं तर त्यांपासून केवळ पीडाच होते. मात्र त्यांच्यांत व आपल्यांत कांहीं अंतर असेल तर त्यांपासून एक प्रकारचा आनंद मिळतो. मीमांसा मार्मिक आहे. परंतु हें अंतर कोण राखतो, याचाही विचार झाला पाहिजे. सांदणच्या कड्यावरून उतरतांना दोराचें वरचें टोक ज्याच्या हातांत असतें, तो गांवकरीच हें अंतर राखतो. आमचा उदात्त अनुभव त्याच्या मुठीवर अक्षरशः टांगलेला असतो. आणि घरीं आल्यावर आम्ही सांगतों, तेथें कोणी नव्हतें!

या विस्मरणाची परंपरा मोठी आहे, आणि तिचें बोलकें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. कोलोरॅडो नदीच्या महादरींतून १८६९ सालीं जॉन वेस्ली पॉवेल यानें नऊ सोबती व चार होड्या घेऊन प्रवास केला. यादवी युद्धांत त्याचा उजवा हात गेला होता. प्रवासांत एक होडी फुटली, धान्य भिजून नासलें, कांहीं सोबती सोडून गेले. तरी तो मागें फिरला नाहीं. त्याचें धैर्य निःसंशय वंदनीय आहे. आपण अज्ञात प्रदेशांत शिरत आहों, अशी त्याची भावना होती. परंतु ऑगस्टच्या अखेरीस, अन्न जवळजवळ संपलें असतां, दरीच्या तळाशीं त्याच्या मंडळींना तेथील मूळ रहिवाशांचें शेत दिसलें. मका अजून तयार नव्हता, भोपळे मात्र लागले होते. मालक दिसेना. त्यांनीं भोपळे उचलून होडींत घातले, घाईनें तेथून निघाले आणि पुढें जाऊन ते शिजवून खाल्ले. ही हकीकत पॉवेलनें स्वतःच प्रामाणिकपणें लिहून ठेवली आहे. भुकेल्यानें भोपळे घेतले याचा दोष आम्ही देत नाहीं. पण ज्या दरींत कोणी वेल लावतो व जोपासतो, ती दरी अज्ञात कशी? ती पॉवेलला अज्ञात होती, एवढेंच.

पुढें त्याच महादरींत घडलें तें याहून गंभीर आहे. वरच्या कांठावरून उतरणाऱ्या एका वाटेवर, झऱ्याच्या आश्रयानें, हावासुपाई लोक शेती करीत असत. १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें, आणि १९२८ सालीं तेथील अखेरच्या हावासुपाई रहिवाशाला जागा सोडावयास लावण्यांत आलें. त्यानंतरही त्या ठिकाणाला 'इंडियन गार्डन' असेंच म्हणत. माळी गेला आणि बागेचें नांव तेवढें राहिलें. १९७५ सालच्या कायद्यानें या लोकांना महादरीच्या परिसरांतील सुमारें १,८५,००० एकर जमीन परत मिळाली. त्या बागेला त्यांचें स्वतःचें नांव मिळण्यास मात्र २०२२ साल उजाडावें लागलें.

युरोपांतही हाच प्रश्न दुसऱ्या रूपानें भेटतो. ग्रीसच्या क्रीट बेटावर समारिया नांवाची प्रसिद्ध घळ आहे. पाइन व सायप्रसच्या रानांतून उतरणारी वाट सुमारें सोळा किलोमीटर चालून लिबियन समुद्रापाशीं संपते. एके ठिकाणीं सुमारें तीनशें मीटर उंच कड्यांमध्यें जेमतेम चार मीटर जागा उरते. १९६२ सालीं हें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि घळींत असलेलें समारिया गांव रिकामें झालें. तेथील 'क्री-क्री' नांवाच्या रानबकऱ्यांना अभय मिळालें, हें उत्तमच झालें. पण गांवाच्या दगडी भिंतींच्या सावलींत बसून शिदोरी सोडणाऱ्या प्रवाशानें क्षणभर विचारावें, या घरांत पूर्वीं जेवावयास कोण बसत होतें?

यावर कोणी म्हणेल, उद्यानें व अभयारण्यें केलीं नसतीं तर शिकारी आणि लांकूडतोडे यांनीं आज पाहावयास कांहीं ठेवलेंच नसतें. हा आक्षेप खोटा नाहीं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ सालीं झालें. अशा संरक्षणाची गरज विचारी मनुष्य नाकारणार नाहीं. परंतु रान राखणें आणि मनुष्य घालविणें या दोन गोष्टी एकच नव्हेत. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आपल्या देशानें तरी हा भेद मान्य केला आहे. आणि जेथें कोणाला खरोखरच उठावें लागलें, तेथें त्याग त्यांनीं केला व लाभ आम्हांस झाला, हा हिशेब कोणत्याही युक्तिवादानें बदलत नाहीं.

मग काय, दरीचा आनंद घेऊंच नये? तसें आमचें म्हणणें नाहीं. मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊन जन्मास येतो, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें; तेवढ्यानें त्यांचें जगणें उदास झालें नाहीं. ऋण जाणणें म्हणजे नातें जाणणें. भिंतीसारख्या कड्याखालीं उभें राहून, ही वाट कोणी पाडली, हें नांव कोणी ठेवलें, येथून कोण उठून गेलें, हें ज्याला ठाऊक आहे, त्याला ती दरी अधिक खोल दिसते. केवळ एकांत हवा असणारास तो घराच्या गच्चीवरही मिळेल.

शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत कण्वाच्या आश्रमांत शिरण्यापूर्वीं आपलीं आभूषणें आणि धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करतो. राज्य त्याचें होतें. तरी तेथें तो पाहुणा होता. आमच्या तरुणांनींही दरीच्या तोंडाशीं आपलें शोधकपण उतरवून ठेवावें. वाटाड्याचें नांव विचारावें, त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी, पावसाळ्यांत तो 'नको' म्हणाला तर माघारें फिरावें. आणि घरीं आल्यावर 'तेथें कोणी नव्हतें' असें न म्हणतां, तेथें कोण होतें आणि कोण आहे, हें आम्हांस सांगावें. आम्ही तें अधिक आवडीनें ऐकूं.