सरकारदरबारी बोलण्याची विद्या

पुण्यातील पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांत असंतोष माजला आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्माला आली, तेव्हा तिच्या संस्थापकांनी कोणीही न सांगता स्वतःवर एक विलक्षण अट घालून घेतली. सभासद होऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र दाखल करावे आणि त्या माणसांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला मिळाला आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे, अशी ती अट होती. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी अशा सुमारे ६,००० लोकांची संमती होती. त्या काळी मतपेटी नव्हती, मतदारयादी नव्हती, आणि प्रजेने आपले प्रतिनिधी निवडावेत असे राज्यकर्त्यांच्या स्वप्नातही आलेले नव्हते. तरीही हुजुरात अर्ज घेऊन जाणाऱ्याला ‘तुम्ही कोण, आणि तुम्हाला पाठवले कोणी?’ हा सवाल पहिल्याप्रथम विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर खिशात असल्याशिवाय पायरी चढण्यात अर्थ नाही, हे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी पुरते ओळखून होते.

आज दीडशे वर्षांनंतर, प्रौढ मताधिकार रुळून गेल्यावर, त्या मुखत्यारपत्राची आठवण काढण्याचे कारण असे की सरकारचे मन वळवण्याच्या उद्योगाविषयी आपल्या सुशिक्षित समाजात एक चमत्कारिक समजूत दृढ झाली आहे. मंत्रालयाच्या जिन्यावर जाणारा माणूस एक तर वशिल्याचा असतो, नाही तर दलाल असतो, आणि सज्जनाने त्या वाटेला न जाणेच बरे, असे सज्जनच एकमेकांना सांगत असतात. या सोवळेपणाचा परिणाम व्हायचा तोच होतो. ज्यांच्याजवळ थैली आहे, ओळख आहे आणि संकोच नाही, ते आपले म्हणणे यथास्थित पोचवतात. ज्यांच्याजवळ केवळ गाऱ्हाणे आहे, ते घरी बसून सरकारला दूषणे देतात. शासनापुढे आपली बाजू परिणामकारकपणे आणि सचोटीने मांडणे ही एक शिकण्यासारखी विद्या आहे, आणि महाराष्ट्रात तिची परंपराही आहे, असे माझे निश्चित मत आहे. तिच्यात परिणामकारकता आणि सचोटी यांची फारकत करता येत नाही, हे त्या परंपरेच्याच इतिहासावरून दिसते.

सभेच्या कामाचा खरा कस १८७६-७७ च्या दुष्काळात लागला. दख्खनच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून सभेने माहिती मागवली: पीक किती बुडाले, धान्याचा भाव काय, गुरे किती गेली, दुष्काळी कामांवर माणसे किती आणि त्यांना हातात पडते काय. हा सारा तपशील तिने एकामागून एक पत्रांतून सरकारकडे पाठवला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून फिरणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य पुरते असे ठरवून मजुरी त्या मापाला आणली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि त्या मुक्या निषेधाचा अर्थ आकड्यांच्या भाषेत सरकारला समजावून सांगण्याचे काम सभेने केले. पुढे दुष्काळ आयोग नेमला गेला व त्यातून दुष्काळसंहिता तयार झाली. हे सभेच्या पत्रांचेच फळ, असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु राज्यकर्त्याच्या करुणेला हात घालण्यापेक्षा त्याच्याच महसुली दप्तराच्या भाषेत त्याला पेचात धरणे हा मार्ग तेथे प्रथम पद्धतशीरपणे आखला गेला.

त्या पत्रांमागील मुख्य हात न्यायमूर्ती रानडे यांचा होता. अशाच एका परिश्रमपूर्वक लिहिलेल्या निवेदनाला सरकारकडून दोन ओळींची पोच आली, तेव्हा तरुण गोखल्यांनी या खटाटोपाचा उपयोग काय असे उद्वेगाने विचारले. ही निवेदने नावाला सरकारच्या पत्त्यावर जातात, वस्तुतः ती लोकांसाठी असतात. राजकारण या देशात नवे आहे आणि असल्या प्रश्नांचा विचार कसा करावा हे लोकांनी शिकावयाचे आहे, अशा आशयाचे उत्तर रानड्यांनी दिले. गोखल्यांनीच ही आठवण पुढे सांगितली आहे. हे उत्तर पराभवाचे समाधान नव्हे. जे निवेदन चावडीवर मोठ्याने वाचून दाखवता येते, ज्यातील प्रत्येक मागणी ज्यांच्या नावाने केली त्यांना ऐकवता येते, तेच सरकारपुढे ठेवण्याच्या लायकीचे, अशी एक कसोटीही त्यात आहे. बंद दाराआड कुजबुजलेली मागणी या कसोटीला क्षणभरही टिकत नाही.

येथे रानड्यांच्या बाबतीतही एक प्रश्न टाळता येत नाही. ते स्वतः सरकारी न्यायाधीश होते, आणि ज्या सरकारचा पगार घ्यावयाचा त्याच सरकारला पाठवावयाचे अर्ज ते सार्वजनिक सभेच्या पडद्याआडून लिहीत असत. आजच्या दंडकाने पाहिले तर ही गोष्ट आक्षेपार्ह ठरेल, आणि माझ्या मते ती ठरावीही. कारण उद्या एखाद्या उद्योगसमूहाची मागणी त्याच विषयाची नस्ती हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने लिहून दिली, तर आपण त्याला देशसेवा म्हणणार नाही. रानड्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येते की त्यांचा हात कोणापासून लपलेला नव्हता, सरकारला तो पक्का ठाऊक होता, आणि त्याबद्दल त्यांना पुण्याहून बदलीही सोसावी लागली.

मुखत्यारपत्राच्या मर्यादा त्याच शहरात राहणाऱ्या जोतीराव फुल्यांनी दाखवून दिल्या. सभेतील सरदार, इनामदार, वकील यांच्या सह्यांत शूद्रातिशूद्रांचा आवाज कोठे आहे, हा त्यांचा सवाल रास्त होता. नुसता आक्षेप घेऊन ते थांबले नाहीत. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी स्वतंत्र निवेदन सादर केले, आणि सरकारदरबारी कसे लिहावे हे शिकू पाहणाऱ्याने ते आजही समोर ठेवावे, इतके ते नमुनेदार आहे. आपला अनुभव मुख्यतः पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे ते आरंभीच सांगून टाकतात. त्यानंतर स्वतः चालवलेल्या शाळांचा दाखला देतात. मग सरकारच्याच जमाखर्चावर बोट ठेवतात: सारा भरतो शेतकरी, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. अखेरीस मागणी येते ती नेमकी, की किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. आपल्या माहितीची हद्द जो स्वतःच आखून देतो, त्याच्या त्या हद्दीतील शब्दावर सरकारला विश्वास ठेवणे भाग पडते. आजची निवेदने मात्र ‘समस्त जनतेच्या वतीने’ या शब्दांनी सुरू होतात.

आधाराशिवाय केलेले विधान किती महाग पडते, याचे उदाहरण म्हणजे १८९७ सालचे गोखले. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले होते, आणि तिखट उलटतपासणीतही त्यांचे आकडे डळमळले नव्हते. त्याच मुक्कामात पुण्याच्या प्लेगबंदोबस्तातील गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाविषयी मित्रांची पत्रे त्यांना आली, आणि त्यांतील अत्यंत गंभीर आरोप त्यांनी तेथील वृत्तपत्रापुढे मांडले. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तर साक्षीला उभे राहावयास कोणी तयार होईना. तेव्हा गोखल्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी त्यांची निर्भर्त्सना केली, त्यांचे सार्वजनिक आयुष्य आटोपले असेही अनेकांना वाटले. दुष्काळात आणि प्लेगात भीतीने तोंडे बंद होतात, त्यामुळे पुरावा मिळाला नाही म्हणजे घटना घडलीच नाही असे कोणी म्हणू नये. परंतु जे सिद्ध करता येत नाही ते परत घेतलेच पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःला लावला. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर ते उभे राहिले, आणि सरकारी शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे हे सरकारच्याच आकड्यांनी दाखवू लागले, तेव्हा सरकारी बाकांनाही ते लक्षपूर्वक ऐकावे लागले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला तो १९०३ साली, आणि त्यात त्यांच्या युक्तिवादाचा वाटा निश्चित होता.

आता आजच्या मंत्रालयाकडे वळू. कारण परंपरा जाणून यंत्रणा ठाऊक नसेल तर अर्ज पोचतो आणि काम अडते. निवेदन हातात घेऊन मंत्रिमहोदय त्याच्या समासात ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारतात, छायाचित्र निघते, आणि शिष्टमंडळ कृतार्थ होऊन परतते. वास्तविक त्या क्षणी काहीही ठरलेले नसते. तो कागद आवकजावक नोंदून कक्ष अधिकाऱ्याच्या मेजावर उतरतो, तेथे त्याची नस्ती होते आणि तिच्यावर पहिली टिपणी लिहिली जाते. विषय काय, कोणत्या अधिनियमाचे कोणते कलम लागू, पूर्वीचा शासन निर्णय काय म्हणतो, अशाच प्रकरणी अन्य विभागाने काय केले, वित्तीय भार किती आणि तो कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार, हे सारे त्या टिपणीत यावे लागते. अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी नस्ती वर चढत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रश्न विचारले जातात ते त्या पहिल्या टिपणीच्या चौकटीत. ज्या निवेदनात या प्रश्नांची उत्तरे आयतीच आहेत, त्याची टिपणी अनुकूल होण्याचा संभव वाढतो. ज्यात केवळ ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ एवढेच आहे, ते अभिप्रायासाठी जिल्ह्याकडे रवाना होते. दप्तरदिरंगाईला आळा घालणारा २००५ चा अधिनियम कोणत्याही कर्मचाऱ्याने नस्ती साधारणतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ अडवून ठेवू नये असे सांगतो. या कलमाचा नम्रपणे उल्लेख करणारे एक स्मरणपत्र दहा घोषणांहून अधिक काम करते, असा माझा विश्वास आहे.

पैसा आणणार कोठून, हा वित्त विभागाचा प्रश्न तर प्रत्येक लोकहितकारी मागणीची दांडी गुल करतो. या बाबतीत वि. स. पागे यांचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. मागेल त्याला काम मिळावे ही कल्पना त्यांनी आधी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरात, १९६५ मध्ये लहान प्रमाणावर अजमावली; १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली; आणि योजनेच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसवण्याचा अधिनियम १९७५ साली आला. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पागे विधान परिषदेचे सभापती होते, तेव्हा त्यांना दार ठोठावावे लागत नव्हते हे खरे. तरीही प्रयोग, अनुभव आणि निधीची तजवीज ही तिन्ही जवळ असलेली मागणी किती दूर जाते, हे त्यावरून कळते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावोगाव बालमृत्यूंची मोजदाद केली आणि घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध करून दाखवली, तीही याच जातीची रदबदली. प्रश्नाबरोबर त्यांनी मोजून पाहिलेला उपायही सरकारपुढे ठेवला होता.

उरतो तो धनाचा आणि गुप्ततेचा प्रश्न, आणि तो सर्वांत बिकट आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली स्पष्टपणे गुन्हेगार ठरला. परंतु लाच न देता मेजवान्या, निवृत्तीनंतरच्या नोकऱ्या, देणग्या आणि सल्लागारांच्या फौजा यांच्या बळावर धोरण वळवण्याचा जो प्रशस्त मार्ग आहे, त्याची नोंद ठेवणारा कायदा आपल्या देशात नाही. २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्ट कंपनीच्या रदबदलीच्या खर्चावरून संसदेत गदारोळ झाला. त्या खर्चाच्या विषयांत भारतातील गुंतवणुकीस वाव मिळण्याचाही समावेश होता. पण आपल्या खासदारांना ही माहिती मिळाली ती अमेरिकी सिनेटपुढे कंपनीने तेथील कायद्यानुसार स्वतःच दाखल केलेल्या तपशिलातून. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. तथापि अशी माहिती येथल्या येथे नोंदवण्याची व्यवस्था त्यानंतरही उभी राहिली नाही.

ती उभी करणे फार अवघड नाही. मंत्री आणि सचिव यांना धोरणविषयक कामासाठी कोण भेटले, कोणाच्या वतीने भेटले, कोणता विषय होता आणि कोणते कागद दिले, याची नोंदवही दरमहा प्रसिद्ध व्हावी. आणि विधेयकाचे मसुदे ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे जे धोरण केंद्राने २०१४ मध्ये मान्य केले, त्याला राज्यातही कायद्याचे बळ मिळावे. यावर असा आक्षेप घेतला जाईल की नोंदीच्या भीतीने दुर्बळ माणूस मंत्रालयात येणारच नाही, आणि धनवान मात्र नोंदवहीबाहेर क्लबात भेटेल. पहिल्या अर्ध्या भागात तथ्य आहे. म्हणूनच व्यक्तिगत गाऱ्हाणी, पीडितांच्या तक्रारी आणि भ्रष्टाचाराची खबर देणारे यांना या नोंदीतून वगळले पाहिजे. दुसऱ्या अर्ध्या भागाला उत्तर एवढेच, की नोंदवही असेल तर क्लबातील भेट लपवणे हा निदान दोष ठरेल; आज तोही ठरत नाही. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे कोणाही नागरिकाला सदस्यामार्फत जाता येते, आणि या नोंदवहीची मागणी तेथूनच सुरू करता येईल. पण ती मागणी करणाऱ्यांनी आपल्या सह्यांबरोबर आपल्या संस्थांचे जमाखर्च आणि देणगीदारांची यादीही जोडली पाहिजे, आणि तीही कोणी मागण्याच्या आधी.