सुट्टी कोणाच्या जिवावर?

मी : वहिनी, तुमचं पोळीभाजी केंद्र सोमवारी बंद असतं. मग दिवसभर तुम्ही करता काय?

वहिनी : झोपते. उठले की मंगळवारची मटकी भिजत घालते.

मी : म्हणजे आठवड्यातला एकुलता एक दिवस झोपेत आणि मटकीत! माणसानं काहीतरी नवं बघावं, शिकावं. साधं अजिंठा तरी पाहून या. डोकं ताजं होतं, धंद्यालाही उपयोग होतो.

वहिनी : अजिंठा सोमवारी बंद असतं, भाऊजी. लेण्यांनासुद्धा आठवड्याची सुट्टी आहे.

मी : मग वेरूळला जा. ते मंगळवारी बंद असतं.

वहिनी : पुण्याहून अडीचशे किलोमीटरच्या वर. जाऊन येईपर्यंत मध्यरात्र. मंगळवारी पहाटे कणीक कोण मळणार? आणि एक सांगा, हा अनुभव मला हवाय की धंद्याला? परत येऊन भाजीत काय बदल केला, याचा हिशेब द्यायचा असेल तर ते कामच झालं. त्यापेक्षा झोप बरी. तिचा उपयोग कोणी विचारत नाही.

मी : विश्रांतीला माझा विरोध नाही. कायद्यानंही ती मानली आहे. 1948 च्या कायद्यानं दुकानं आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायला लावली. 2017 च्या कायद्यानं वर्षभर दुकान उघडं ठेवायची मुभा दिली, तरी कामगाराची साप्ताहिक सुट्टी कायम ठेवली.

वहिनी : कामगाराची. मालकाला कोण सुट्टी देणार? शिवाय तो कायदा आला तो दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्यांसाठी. माझ्याकडे चौघी.

मी : म्हणून तर म्हणतो, वर्षातून एकदा आठवडाभर केंद्र बंद ठेवा.

वहिनी : चौघींना नगावर पैसे मिळतात. लाटणं थांबलं की कमाई थांबली. माझी विश्रांती त्यांच्या घरी उपास होऊन पोचते.

मी : भरपगारी सुट्टी द्या.

वहिनी : देईन. तेवढा पैसा पोळीच्या दरात धरावा लागेल. मागे दर एका रुपयानं वाढवला, तेव्हा पहिली कुरकुर तुमच्या सोसायटीतून आली.

मी : बरं, बंद नको. चौघींवर सोपवून जा.

वहिनी : गेले होते ना. पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालले. दिवे घाटात पाय बोलायला लागले, पण गॅस, गिऱ्हाईक, उधारी यातलं काही आठवलं नाही. ही विश्रांती म्हणायची की अनुभव?

मी : दोन्ही! म्हणजे मी म्हणतो तेच झालं.

वहिनी : पुरतं ऐका. त्या दिवशी दोघींनी माझ्या वाटच्या पोळ्या लाटल्या. त्यातल्या एकीला स्वतःलाच वारीला यायचं होतं. मला हे संध्याकाळी कळलं.

मी : असा विचार केला तर कोणालाच घराबाहेर पडता येणार नाही. तुकोबासुद्धा दुकान सोडून भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत.

वहिनी : आणि भाकरी घेऊन डोंगर कोण चढायचं? त्यांची बायको जिजाई. तिच्या पायात काटा मोडला, तेव्हा तो काढायला विठोबा आला, असं सांगतात. माझ्या पायात काटा मोडला तर विठोबा यायचा नाही, फोन येईल : ताई, सिलिंडर संपला.

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी विषय पुण्याच्या एक ते चारकडे वळवला.

मी : दुपारी दुकान बंद ठेवायच्या पद्धतीची अख्ख्या महाराष्ट्रानं टिंगल केली. शेवटी 2017 मध्ये चितळे बंधूंनीही दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली.

वहिनी : हसणारे सगळे गिऱ्हाईक होते. गल्ल्यावर दिवसभर उभा राहणारा कोणी हसला का?

मी : मग तोल साधायचा कसा?

वहिनी : एकटीनं साधायचा नाही, एवढं कळलंय. जिला तेव्हा वारीला यायचं होतं, ती यंदा पालखीला जाईल, तिच्या वाटच्या पोळ्या मी लाटेन. पुढच्या वर्षी माझा नंबर. तेवढ्यानं पुरेल की नाही, माहीत नाही. मला अजून झोपच जास्त हवीशी वाटते.

झोप की अजिंठा, हा आमचा वाद मिटलेला नाही. पण मी त्यात ज्याला धरत नव्हतो तो तिसरा पक्ष, म्हणजे रोज डबा नेणारे तुम्हीआम्ही, हिशेबात घ्यायलाच हवा. घराजवळच्या केंद्रावर ‘चार दिवस बंद’ अशी पाटी दिसली, तर कारण विचारू नका. घरी कुकर लावा. आणि पोळी रुपयानं महागली, तर तो रुपया न बोलता द्या.