जिभेची साक्ष

रुचीच्या बाबतीत वाद घालू नये, असे शहाणे लोक सांगत आले आहेत. आणि तेच लोक जेवणाच्या पंगतीपासून गाण्याच्या मैफलीपर्यंत रुचीविषयीच सर्वांत अधिक वाद घालीत आले आहेत. ह्यात विसंगती आहे, पण ढोंग नाही. 'मला आवडले' आणि 'हे उत्तम आहे' ह्या दोन विधानांची आपण बोलण्यात सरमिसळ करीत असलो, तरी मनात त्यांचा भेद ओळखून असतो. पहिल्याला पुरावा लागत नाही, दुसऱ्याला लागतो. हा पुरावा कोठपर्यंत मागावयाचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते जुन्या, मुरलेल्या रमची पारख करण्याचे. उदाहरण मद्याचे आहे म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. मनुस्मृतीने सुरेचा निषेध करतानाच तिचे तीन प्रकार सांगितले असून त्यांत गुळाची 'गौडी' आहे. ज्याचा निषेध करावयाचा त्याचेही ज्ञान ठेवावे, ही आपली जुनीच रीत होय.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गयाना नावाचा देश आहे. तेथील डेमेरारा नदीच्या नावाने ओळखली जाणारी रम रसिकांत फार मानली जाते. साखर काढून घेतल्यावर मागे राहते ती मळी. ती पाण्यात कालवून आंबवावयाची, तिचे ऊर्ध्वपातन करावयाचे आणि निघालेला अर्क ओक लाकडाच्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवावयाचा, अशी ही कृती आहे. तेथे ऊर्ध्वपातनाची लाकडी पात्रे आजही चालू आहेत. पोर्ट मोरंट नावाचे पात्र तर १७३२ सालचे म्हणून सांगतात. उष्ण हवेत पिंपातील द्रव्याचा काही भाग दरवर्षी उडून जातो. कारागीर त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. पंधरा वर्षांनी जे उरते ते थोडे आणि दाट चवीचे असते. आपल्याकडे १९५४ पासून निघणारी ओल्ड मंक बहुधा कशात तरी मिसळून घेतात. ही रम मात्र निमुळत्या तोंडाच्या पेल्यात बोटभर ओतून, थोडा वेळ तशीच ठेवून, आधी हुंगावयाची आणि मग लहान घोटाने तोंडात घोळवावयाची असते. जाणत्याला तीत काकवी सापडते, करपण्याच्या बेतास आलेला गूळ सापडतो, खजूर, मनुका, ज्येष्ठमध आणि जुन्या लाकडी पेटीचा वास सापडतो; आणि घोट गेल्यावर जिभेच्या कडांवर किंचित तुरटपणा रेंगाळतो.

पण एकट्या जिभेवर विसंबणारा परीक्षक लवकरच फसतो. गडद रंग पाहून तो रम जुनी समजतो, आणि रंग जळक्या साखरेचा असतो. बाटलीवरील मोठा आकडा पाहून तो आदराने घोट घेतो. परंतु तो आकडा मिश्रणातील सर्वांत कोवळ्या रमचा आहे की चमचाभर घातलेल्या सर्वांत जुन्या रमचा, हे विचारल्यावाचून कळत नाही. गोडवा मुरण्यातून आला असे त्याला वाटते. तोच स्वीडन आणि फिनलंड येथील सरकारी मद्यविक्री संस्थांनी साखर मोजून आकडे जाहीर केले, आणि डेमेराराच्या नामांकित रमांतही मागाहून घातलेली साखर असल्याचे उघड झाले. तेव्हापासून चांगला परीक्षक चाखतोही आणि विचारतोही: पात्र कोणते, पिंप कसले, वर्षे किती, साखर घातली काय? ह्याचा अर्थ असा की, 'उत्तम घडली आहे' हे विधान जिभेच्या साक्षीवर उभे राहत नाही. त्याला कृतीचा इतिहास लागतो.

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रुचीच्या कसोटीवर निबंध लिहिला, त्यात सांको पांझाच्या दोन नातलगांची गोष्ट आहे. एका पिंपातील मद्य चाखून एकजण म्हणाला, चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, लोखंडाची. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली सापडली. सूक्ष्म रुची ही कल्पना नसून वस्तूत जे असते तेच तिला कळते, हे ह्यूमला दाखवावयाचे होते. गोष्ट सुरेख आहे. पण तीत एक मर्यादाही दडलेली आहे. किल्ली पिंपात होती म्हणून जिभेला सापडली. ऊस तोडणारा कोयता मात्र कधी पिंपात पडत नाही.

हा कोयता कोठून येतो ते पाहावयाचे असल्यास बीडच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या माथ्यावर मांजरसुंब्याला यावे. धुळे–सोलापूर हमरस्ता आणि केज–अंबाजोगाईकडून पाटोदा, जामखेडमार्गे नगरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. दसरा-दिवाळी होते न होते तोच जिल्ह्यातील टोळ्या पोराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह आणि शेळ्या-कोंबड्यांसह पश्चिमेकडील साखरपट्ट्याची वाट धरतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फडात फेडावयाची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. माणसे दोन, हिशेबात हत्यार एक! एक दिवस चुकला तर 'खाडा' पडतो. राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली ह्या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेल्याचे आढळले.

डेमेराराचा इतिहास ह्याहून निराळा नाही. तेथील ऊस आधी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तोडला. त्यांनी १८२३ साली उठाव केला, तो निर्दयपणे मोडण्यात आला. गुलामगिरी संपताच जॉन ग्लॅडस्टन ह्या मळेवाल्याने, म्हणजे पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनच्या बापाने, हिंदुस्थानातून मजूर मागविले. १८३८ साली 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ह्या जहाजांतून ते तेथे उतरले. आणि १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे करारावर त्या किनाऱ्याला गेली. त्यांत बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडील होती. उचल आणि करार ह्या दोन शब्दांत समुद्राएवढे अंतर आहे. अर्थात मात्र फारसे नाही.

ह्यावर रसिक म्हणेल, 'हे सारे खरे, पण चवीशी ह्याचा संबंध काय?' कांटने १७९० साली नेमका हाच आक्षेप मांडला आहे. राजवाडा सुंदर आहे काय असे विचारले असता, बड्यांनी रयतेचा घाम असा उधळला म्हणून मी रूसोच्या आवेशाने आग पाखडली, तर ते योग्य असेल. पण प्रश्नाचे उत्तर होणार नाही. आक्षेप बिनतोड आहे. परंतु त्याच ग्रंथात कांट मद्याला सौंदर्याच्या पंक्तीस बसवीत नाही. मद्याविषयी फक्त 'मला रुचते' एवढेच म्हणावे, असे तो बजावतो. ज्याला एवढ्यावर समाधान आहे त्याला कोणी काही विचारू नये. पण ज्याला पुढे जाऊन 'उत्तम घडली आहे' म्हणावयाचे आहे, त्याने घडविणाऱ्यांच्या दारानेच आत आले पाहिजे. आणि त्या दाराशी पिंप करणारा जसा उभा आहे, तसा ऊस तोडणाराही उभा आहे.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणे हे त्यांतील एक. घोट तोंडात असताना फडातील दुःख आठवावे, असे कोणी म्हणत नाही. तसे केल्याने रम वाईट लागणार नाही आणि मजुराची उचलही फिटणार नाही. घोट निर्विघ्न असावा. न्याय करावयाचा तो घोटानंतर, बोलताना. कोणी असेही म्हणेल की, ऊस तोडला जातो साखरेसाठी. मळी मागे राहणारच, तिच्या रमवर हे ओझे कशाला? पण उरलेल्या मालाचे ज्याला मोल येते, त्याला त्या मालाचा इतिहासही लागू होतो. आणि ज्यांच्या घरी रम कधी येत नाही, त्यांच्या घरी साखर रोज येते. तेव्हा हा प्रश्न पेल्यापुरता राहत नाही, चहाच्या कपापर्यंत पोहोचतो.

मग परीक्षकाने करावे काय? गुण कमी करू नयेत. चांगल्या रमला वाईट म्हणणे हेही असत्यच होय. त्याने फक्त आपल्या प्रश्नांच्या यादीत आणखी दोन प्रश्न घालावेत: ऊस कोणी तोडला, आणि त्यांना काय मिळाले? रममध्ये घातलेली साखर लपविली म्हणून तो रागावतो, आणि तो राग रास्त आहे. कारण वस्तू कशी झाली हे लपविणे हा तो दोष समजतो. साखर लपविणे दोष असेल, तर ती साखर ज्या हातांनी फडातून बाहेर काढली ते हात लपविणे गुण कसा ठरेल?