चिडचिडीच्या आड

दहावी-बारावीच्या वयातलं मूल नैराश्यात गेलं की रडेल, गप्प बसेल, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ते चिडतं. जेवायला हाक मारली तर खेकसतं, दार आपटतं, क्लास बुडवतं, पोट दुखतंय म्हणतं, रात्री दोनपर्यंत जागतं. घरात निकाल लागतो: मोबाइलनं वाट लावली, लाडानं बिघडला. मानसोपचारतज्ज्ञ मात्र या वयात उदासीच्या जागी सततची चिडचिडही नैराश्याचं मुख्य लक्षण म्हणून धरतात. ती दोन आठवडे जवळपास रोज राहिली, क्रिकेट, नाच, मित्र सगळ्यांतूनच मन उडालं, झोप आणि भूक बिघडली, तर स्वभावाला दोष देणं थांबवून डॉक्टरांकडे जावं.

मुलं आपल्या परीनं झुंजतही असतात. एकच गाणं तासन्‌तास ऐकतात, गेममध्ये डोकं घालतात, कुठल्याशा मित्राला मध्यरात्री लांबलचक मेसेज करतात. आपल्याला तो पळपुटेपणा वाटतो. त्यांच्यासाठी तो दिवस कसाबसा ढकलण्याचा मार्ग असतो. तो हिसकावून घेतला आणि हाती दुसरं काहीच दिलं नाही, तर मूल आणखी एकटं पडतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या सुवर्णकमळ मिळवलेल्या चित्रपटातली जानकी मला या बाबतीत फार मोलाची वाटते. खचलेल्या तरुणाला ती कोकणातल्या घरी आणते आणि खोदून खोदून प्रश्न विचारत नाही. स्वतः नैराश्य सोसलेली ती बाई त्याला वेळ देते, जेवू घालते, त्याच्या तिरसटपणाला घाबरत नाही. आपल्या घरांत नेमकं हेच कमी पडतं. 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न मुलाचं तोंड कायमचं बंद करतो.

'जगून काय उपयोग' असं मूल बोललं, तर मात्र थांबू नका. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मदत घ्या. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही हेल्पलाइन 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. तो आजच मुलाच्या आणि तुमच्याही फोनमध्ये सेव्ह करा.