मेंदूनं केलं की मी केलं?



आजचं चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक ३६.

अर्जुन विचारतो, माणसाला पाप करायचं नसतं, तरी कुणी बळजबरीनं ढकलावं तसा तो ते करून बसतो. हे ढकलणारं आहे तरी कोण?

अगदी असाच प्रश्न १९६६ साली अमेरिकेत एकानं चिठ्ठीत लिहून ठेवला होता. चार्ल्स व्हिटमन, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचा विद्यार्थी. मनात हिंसक विचार येतात, ते आवरत नाहीत, मेल्यावर माझं शवविच्छेदन करून काही बिघाड आहे का बघा, असं त्यानं लिहिलं. मग आई आणि बायकोला मारलं. १ ऑगस्टला विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढून दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या, आणि शेवटी पोलिसांच्या गोळीनं मेला. शवविच्छेदनात मेंदूत खरंच एक गाठ सापडली. चौकशी समितीतले तज्ज्ञ म्हणाले, गाठीचा हातभार असूही शकेल, पण खात्रीनं सांगता येत नाही.

मग दोष कुणाचा? गाठीचा की त्याचा?

आता अठराव्या अध्यायातला १४वा श्लोक बघा. भगवंत प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगतात : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, इंद्रियं, नाना प्रकारच्या क्रिया, आणि दैव. मेंदू शरीरातच आला. म्हणजे मेंदूविज्ञान काही नवीन सांगून गीतेला अडचणीत आणतंय, असं मला वाटत नाही. शरीराचं नाव यादीत आधीपासूनच आहे. पण त्याच यादीत कर्ताही आहे, आणि तो खोडलेला नाही!

आपला कायदाही साधारण असंच बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंडसंहितेतलं ८४) नुसता आजार होता का, एवढ्यावर थांबत नाही. त्या आजारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे त्या क्षणी कळण्याची क्षमताच नव्हती का, हे ते तपासतं.

अजून एक गोष्ट. १९८३ साली बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञानं दाखवलं की बोट किंवा मनगट हलवायचं ‘मी ठरवलं’ असं जाणवण्याआधी साधारण एक तृतीयांश सेकंद मेंदूत तयारी सुरू झालेली असते. बरेच जण म्हणाले, झालं, इच्छास्वातंत्र्य संपलं. लिबेट स्वतः मात्र म्हणायचा, उठलेली ऊर्मी अडवायला क्षणभर वेळ उरतो. मला इथे पाचव्या अध्यायातला २३वा श्लोक आठवतो. काम-क्रोधाचा वेग उठणारच नाही, असं भगवंत तिथे म्हणत नाहीत. तो वेग सोसू शकतो त्याला ते योगी म्हणतात.

कधी कधी वेग एकट्याला सोसत नाही. व्हिटमन त्याच वर्षी मार्चमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला होता. मनोऱ्यावरून गोळ्या झाडायचा विचारही त्यानं तिथे बोलून दाखवला. पुन्हा यायला सांगितलं होतं, तो गेला नाही. त्याच्या त्या पहिल्या पावलात मला कर्ता दिसतो. दुसरं पाऊल पडलं असतं तर... हा विचार मला सोडत नाही.

म्हणून मित्रांनो, मनात भलतं काही उसळत असेल, झोप उडवत असेल, तर नुसतं नामस्मरण करून लपवू नका. घरच्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा, आणि परत बोलावलं तर परत जा. ही पण साधनाच आहे.

आजचा नेम : दुसऱ्याचा अपराध तोलताना पाचही कारणं आठवायची. स्वतःची वेळ आली की त्यातलं एकच धरायचं, कर्ता.

राम कृष्ण हरी!