ओढ्यातला गेरू

गेरू म्हटले की डोळ्यांपुढे तुळशीवृंदावन येते, रांगोळीखालचा सारवलेला चौकोन येतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात संडे क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या तळाशीही गेरूच बसलेला दिसतो, पण त्या थराखाली ना मासा जगतो, ना किडा.

तिथल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या, पंप थांबले आणि बोगदे पाण्याने भरले. कोळशालगतच्या दगडात पायराइट असते, म्हणजे लोखंड आणि गंधक. त्याला हवापाणी लागले की गंधकाम्ल तयार होते आणि लोखंड विरघळते. ते पाणी उघड्यावर आले की लोखंड गंजते आणि तळावर केशरी साका धरतो. ट्रूटाउनजवळून असे पाणी कित्येक दशके ओढ्यात येत राहिले.

ओहायो विद्यापीठातले अभियंते गाय रीफलर आणि चित्रकार जॉन साब्रॉ यांनी त्या पाण्याचे आम्ल मारले, त्यात हवा खेळवली, लोखंड खाली बसवले, धुऊन वाळवले. कच्चे ठेवले तर पिवळे, भाजले तर तांबडे, आणखी भाजले तर जांभळट. गॅम्बलिन कंपनीने त्याचे तैलरंग केले. पुढे ‘रूरल ॲक्शन’ या स्थानिक संस्थेने रंगद्रव्याचा स्वतंत्र उद्योगच काढला.

मला यातला रंगापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. पाणी थांबणारे नाही, म्हणजे सफाईही थांबवता येत नाही. अनुदान मात्र कधीतरी संपते. रंग विकून सफाईचा रोजचा खर्च निघावा, एवढाच या धंद्याचा मतलब. सुरुवातीचे भांडवल सार्वजनिकच लागते, कारण १९७७च्या खाणकायद्याआधी सोडून दिलेल्या खाणींना आज वाली नाही. नफा नेणारे गेले, साका गावाला राहिला. रोजगाराचेही स्वप्न फुगवू नये. खाणीत शेकडो माणसे खपत, इथे मूठभर पुरतात. अर्थात शेजारच्याच मिलफिल्डच्या खाणीत ५ नोव्हेंबर १९३० रोजी एका स्फोटात ८२ जण गेले होते, हेही विसरू नये.

हीच युक्ती गोव्यातल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात चालेल का? नाही. गोव्याचे लोहखनिज मुळातच ऑक्साइड. तिथले दुखणे आम्लाचे कमी आणि पावसात शेतात उतरणाऱ्या गाळाचे जास्त. त्यावरचा धंदा त्या गाळातूनच शोधावा लागेल. २०१५पासून खाणपट्ट्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. त्यांच्या पैशातून रस्ते आणि सभागृहे बांधण्याआधी त्या गाळाची एक प्रयोगशाळा निघावी.